हवालदारानं साफ केलेली विहीर

मानसिंग हवालदाराला घाण दिसली की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पेन्शन घेऊन गावी आल्याआल्या त्यानं गोठ्याला चुना मारला, उकिरडा हलवला आणि म्हशींचे खुंटे दोरी धरून एका ओळीत ठोकले. साताऱ्याच्या पूर्वेकडच्या त्या गावात फौजी चिक्कार, पण म्हशींना कवायतीला उभं करणारा हा एकटाच. लोक मागं हसत, तोंडावर मान देत. आणि मान म्हणजे मानसिंगचा जीव की प्राण.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या लेकीचं, अंजनाचं लग्न ठरलं. सोयरे सांगलीकडचे, कृष्णाकाठचे. व्याही आप्पासो सुपारी फोडायला आले, तेव्हा तांब्या हातात घेऊन हसत म्हणाले, “आमी नदीकाठची मानसं. आमास्नी पान्याची चव लगीच कळती बरं का.”

बिचारे सहज बोलून गेले. पण मानसिंगच्या डोक्यात भुंगा शिरला. वऱ्हाड येणार, आपल्या विहिरीचं पाणी पिणार, आणि त्यातल्या कुणी आत डोकावून पाहिलं तर? कडेला शेवाळ, पाण्यात लांबलांब हिरव्या वेली, दगडांना गोगलगायी, तळच्या गाळात शिंपल्यांचा खच, आणि या सगळ्यांत म्हातारं कासव, दुपारी पायरीवर बसून ऊन खाणारं. अर्धा गाव तेच पाणी पीत होता आणि कुणाचं पोट कधी दुखलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. फौजेत पाण्याच्या टाकीत कासव ठेवत नाहीत, एवढं मात्र आलं.

“आवं, पानी चांगलं हाय की,” त्याची बायको राहीबाई म्हणाली. “कशाला हात लावताय?”

“तुला काय कळतंय? कासव मुततंय त्यात!”

मग काय, इंजिन लावून विहीर उपसली. गडी उतरले. वेली उपटल्या, दगड खरवडले, गाळ शिंपल्यांसकट पाट्या भरभरून वर आला. कासवही पाटीतून आलं, मान आत घेऊन. नवं पाणी चढू लागलं तशी मानसिंगनं वरून जंतू मारायची पावडर ओतली, सढळ हातानं.

घाण टाकायची गावाची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. ओढ्यापलीकडे, बौद्ध वस्तीच्या विहिरीलगत. छप्पन साली वस्तीनं धर्म बदलला, पण गावच्या गाड्या रिकाम्या व्हायची जागा काही बदलली नाही. मानसिंगनंही गाडी तिथंच पालथी केली. समोर वस्तीतला ज्ञानू उभा होता.

हा ज्ञानूही फौजीच. पासष्टच्या लढाईत दोघं एका तळावर होते, आणि एका उन्हाच्या तडाख्यात दोघं एकाच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायले होते. गावाकडचा माणूस भेटला म्हणून मानसिंग तेव्हा त्याच्या गळ्यात पडला होता. गावी परतल्यावर मात्र गळाभेट संपली. ज्ञानू कधी कामानिमित्त घरी आला, तर त्याचा चहा गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपात. चहा झाला की तो कप आपल्या हातानं विसळायचा आणि परत तिथंच पालथा घालायचा. मानसिंगला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. पद्धतच होती, वाटायचं काय!

“हवालदार, ह्यात जीव हाईत की,” ज्ञानू गाळाकडं बघत म्हणाला.

“घान हाय सगळी. मरू दे.”

आठवडाभर मानसिंगच्या विहिरीचा तळ काचेसारखा दिसला. मानसिंग येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवत होता. मग उन्हं वाढली आणि पाण्याला हिरवट झाक आली. झाकेची दाट साय झाली, सायीखाली डासांच्या अळ्या वळवळू लागल्या, आणि वास असा सुटला की राहीबाई पदर नाकाला लावून घागर बुडवायची. तुरटी फिरवली, पुन्हा पावडर टाकली, काही उपयोग झाला नाही. लग्न तोंडावर आलं. पावसाळ्याआधी विहीर दुसऱ्यांदा उपसली तर ती पुन्हा भरण्याइतकं पाणीही झऱ्यात उरलं नव्हतं.

मानसिंग गावभर फिरला. जिथंतिथं विहिरींनी तळ गाठलेला. शेवटी पाय ओढ्यापलीकडं वळले, कसे ते त्याचं त्यालाच कळलं नाही. वस्तीच्या विहिरीत तो वाकून पाहतो तो पाणी नितळ, तळचा खडा न् खडा दिसतोय. गेल्या साली हीच विहीर शेवाळानं माजली होती. आता दगडांवर गोगलगायी सावकाश चरत होत्या, वेलींनी मूळ धरलं होतं, तळाला शिंपले अर्धवट उघड्या तोंडानं गाळात रुतून बसले होते. आणि पायरीवर त्याचंच कासव ऊन खात होतं.

“जित्तं व्हतं तेवडं येचून आत सोडलं,” मागून ज्ञानू म्हणाला. “जीव झाला न्हाई टाकून द्यायला. मला बी ठावं नव्हतं, गड्या, पन ते आलं आन् पानी निवळाय लागलं. शिंपली दिसभर पानी आत वढत्यात आन् गाळून भाईर सोडत्यात. बगत बसलं की दिसतं.”

मानसिंगला बघत बसायला वेळ नव्हता. त्यानं खाली मान घालून पाणी मागितलं, लग्नापुरतं. ज्ञानू चटकन म्हणाला, “न्या की. अंजना आमची बी पोरगीच हाय.”

लग्नाच्या पहाटे ज्ञानूनं आणि त्याच्या बायकोनं, सुलाबाईनं, पिंपं भरून दिली. मांडवात पंगत बसली. आप्पासोंनी तांब्या तोंडाला लावला आणि डोळे मिटले. “वा! आमच्या कृष्णामाईच्या तोंडात मारंल असं पानी! कुनाच्या हिरीचं म्हनायचं हे?”

मांडवाच्या कडेला, पंगतीपासून लांब, ज्ञानू शेवटचं पिंप गाडीतून उतरवत होता. त्यानं वर पाहिलं. मानसिंगनंही त्याच्याकडं पाहिलं. पोरीचं लग्न, व्याह्यांचं पहिलं जेवण, शेजारीच गावातले वजनदार आण्णा बसलेले. खरं बोललो तर पंगत उठेल.

“आमच्याच,” मानसिंग म्हणाला. “परवाच साफ करून घेतली.”

ज्ञानूनं पिंप खाली ठेवलं आणि गाडी हाकली. जेवायला तो थांबला नाही.

अंजना सुखात नांदायला गेली. पण मानसिंगला घास गोड लागेना. पाण्याचा तांब्या उचलला की तो ‘आमच्याच’ शब्द कानात वाजायचा. लाज अशी वाटायची की ज्ञानू समोरून येताना दिसला तर हा पट्टीचा हवालदार बांधाआड वळायचा. पाऊस पडला, विहीर भरली, तरी हिरवी ती हिरवीच. शेवटी एका सकाळी रिकामी पाटी घेऊन तो ओढा उतरला. त्याला शिंपले हवे होते. ज्यांना तो मरू दे म्हणाला होता, तेच.

“घ्या की,” ज्ञानू म्हणाला. “आमचं पानी तुमच्या पावन्यांस्नी चाललं, शिंपली चालतीलच.” त्यानं पाण्यात उतरून पाटी भरून दिली. वर ओल्या वेली, गोगलगायी, आणि कासव.

पाटी उचलायच्या आधी मानसिंग म्हणाला, “ज्ञानू, तांब्याभर पानी दे रं.”

ज्ञानूनं रिकाम्या वाटेकडं पाहिलं. “आत्ता हितं कुनी बगत न्हाई, म्हनून मागताय व्हय?”

आवाजात राग नव्हता.  मानसिंगनं पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि गावाकडं निघाला. पारावर आण्णा चारचौघांत बसले होते.

“हवालदार, काय वं हे? कुठनं आनलं?”

मानसिंग थांबला. पाटीतलं गढूळ पाणी कपाळावरून ओघळत होतं. इथं बोललेलं सांगलीला सोयऱ्यांच्या कानी जायला दोन बाजार पुरेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अंजनाचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

“ज्ञानूच्या हिरीतनं,” तो म्हणाला. “आन् लग्नातलं पानी बी तितलंच व्हतं. मी खोटं बोललो, आण्णा. तुमी सगळ्यांनी पोटभर प्यालासा.”

 आण्णा बाजूला वळून थुंकले. तेव्हा प्यालेलं आता थुंकून निघणार नव्हतं, तरी थुंकले. कुणीतरी उठून गेलं. मानसिंगनं पाटी नेऊन आपल्या विहिरीत हळूच रिकामी केली. कासव पाण्यात शिरलं आणि दिसेनासं झालं.

मग तो तसाच, ओल्या अंगानं, पुन्हा ओढ्यापलीकडं गेला. आता ऊन वर आलं होतं. वस्तीतल्या बाया विहिरीवर होत्या, ओढ्याकाठी गावची गुरंही आली होती आणि राखणारी माणसं माना वळवून बघत होती. मानसिंगनं सगळ्यांदेखत पाणी मागितलं. ज्ञानूनं सुलाबाईकडं पाहिलं. तिनं तांब्या भरून दिला.

मानसिंग घटाघटा प्यायला. प्यायल्यावर वाकून त्यानं तांब्या आपल्या हातानं विसळला आणि दगडावर पालथा घातला, ज्ञानू इतकी वर्षं गोठ्याच्या वळचणीला कप पालथा घालायचा तसा.

“ऱ्हाऊ द्या, हवालदार,” ज्ञानू म्हणाला. “आमच्यात तसं नसतं.”