‘ऑल्दो’नंतरचा ‘बट’

ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास आला की मला किनवटच्या आश्रमशाळेतला दहावीचा वर्ग आठवतो. बाहेर सागाची वाळकी पानं खडखडत होती आणि एका मुलीने फळ्यावर ‘ऑल्दो’ने सुरू होणारं इंग्रजी वाक्य लिहिलं होतं. “बट कुठं गेला?” मी विचारलं. “सर, ऑल्दो आला की बट येत न्हाई.” “मराठीत ‘जरी’ आलं की ‘तरी’ येतंय का न्हाई? मग!” पोरं हसली. मी वाक्यात बट घुसवला आणि तिला तासभर उभं केलं. घरी व्याकरणाचं पुस्तक उघडलं, तर तिचंच बरोबर होतं. वर्गात ते कबूल करायला माझी जीभ रेटली नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. माझ्यामुळे साऱ्या वर्गाचे मार्क गेले असतील, हे ओझं मी म्हातारपणापर्यंत वाहिलं. परवा लातूरला एका लग्नात ती भेटली. आता स्वतः इंग्रजी शिकवते. मी हात जोडून सगळं सांगितलं, तर ती हसायलाच लागली. “सर, त्याच संध्याकाळी मी समद्यांला सांगितलं होतं. पेपरात कुणीच बट लिहिला न्हाई. आम्ही तुम्हालाच तेवढं बोललो न्हाई, तुम्हाला वाईट वाटंल म्हणून.”