तीन म्हटलं की गाल फुगायचे

माझा नवरा माझ्यावर रागावून गेला, असं मी सव्वा वर्ष धरून चालले होते. कोणाला बोलले नाही. भेटायला येणारे म्हणायचे, "तुम्ही फार केलंत हो त्यांचं," आणि मी मान हलवून चहा टाकायला उठायचे. शेवटच्या सकाळी ते तोंड फुगवून बसले होते आणि मी त्यांना टोचून बोलले होते, हे त्या लोकांना कुठे माहीत होतं.

लकवा झाला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळायचं सगळं, सांगता काही यायचं नाही. तीन वर्षं मी त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर केलं. मुलगी लग्न होऊन पुण्याला, कामाची बाई दहाला उगवायची, आणि माणसाला उठायचं असतं सकाळी सहाला. मी बाजूला बसून एक हात त्यांच्या खांद्यांखाली घालायचे, "एक, दोन, तीन" म्हणायचे आणि श्वास कोंडून आधी बसतं करायचे, मग खुर्चीत. कण्हायचं नाही हे माझं मी ठरवलेलं. एकदा चुकून कण्हले तर त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून.

आणि तीन म्हटलं की ते गाल फुगवायचे. डोळे मिटलेले, ओठ गच्च. खुर्चीत टेकले की फूऽ करून सगळी हवा सोडायचे. मला वाटायचं, माझं हात लावणंच यांना नको झालंय. ऑफिसात पंधरा माणसं हाताखाली वागवलेला माणूस, बायकोनं गव्हाच्या पोत्यासारखा उचललेला कसा आवडेल? पण डोकं माझंही फिरायचं. "मी काय हौसेनं करतेय का?" असं रोज एकदा तरी तोंडातून निघायचं. त्या सकाळी म्हटलं, "फुगा, खुशाल फुगा. तुमच्याजवळ दुसरं आहे तरी काय करायला?"

दुपारी ते गेले.

नंतर माझी कंबर बसली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या किती दिवस खाणार, चटईवरचे व्यायाम शिका. पिलाटीज म्हणतात म्हणे. नाव ऐकूनच मला ते फालतू वाटलं होतं, पण वाकून चप्पलही घालता येईना तेव्हा गेले. आमच्या इंदुरात पोलोग्राउंडला एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या वर हॉल आहे, तिथे आम्ही सात-आठ बायका. शिकवणारी मुलगी मराठी घरातली, पण बोलणं आमचं इंदुरीच, निम्मं हिंदी.

पहिल्या दिवशी तिनं उताणं झोपवलं. गुडघे वर, पावलं कमरेइतक्या अंतरावर. कमरेखाली बोटभर पोकळी राहू द्यायची, पाठ चटईवर चेपायची नाही आणि कमानही करायची नाही. श्वास नाकानं घेऊन फासळ्यांच्या दोन्ही बाजूंना भरायचा, मग तोंडानं सोडत बेंबी आत ओढायची. जोर लावायचा तो श्वास सोडताना.

"काकू, तुम्ही सांस रोकताय."

"मी नाही रोकत."

"रोकताय ना काकू, चेहरा बघा किती लाल झालाय."

मी भडकले. साठीच्या बाईला ही श्वास घ्यायला शिकवणार. आजवर मी काय पाण्याखाली राहत होते? पण पोरगी खरं बोलत होती. पाठीचा एकेक मणका उचलत कंबर वर न्यायची, की माझा श्वास बंद. डोकं उचलायचं, हनुवटी आणि छातीमध्ये लिंबाएवढी जागा ठेवायची, की श्वास बंद. मनात आपोआप एक, दोन, तीन सुरू व्हायचं. ती सवय सुटायला मला दोन महिने लागले.

मग एका सकाळी तिनं जोड्या लावल्या. झोपलेल्या माणसानं हात पुढे करून, हनुवटी आत घेऊन, मणक्यामागून मणका सोडवत उठून बसायचं. झटका द्यायचा नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्या खांद्यांखाली जोडीदारानं हात द्यायचा. माझ्या वाट्याला परदेशीपुऱ्याची एक बाई आली. माझ्याच वयाची, अंगानं चांगली भरलेली, रोज आमच्यासाठी पुडीत शेव घेऊन येणारी. मी तिच्या बाजूला बसले, हात खांद्यांखाली घातला आणि सवयीनं म्हटलं, "एक, दोन, तीन."

तिनं गाल फुगवले. डोळे मिटले, ओठ गच्च केले.

माझं डोकं सणकलं. "मुँह क्यों फुलाया? साँस छोड़नी है ना," मी खेकसलेच.

ती बिचारी ओशाळली. फूऽ करून हवा सोडली आणि म्हणाली, "आपको भारी न लगूँ, इसलिए. साँस रोक लो तो वजन थोड़ा कम लगता है ना."

माझा हात तिच्या पाठीखाली तसाच राहिला. श्वास रोखून कोणाचं वजन कमी होत नाही. ऑफिस चालवलेला माणूस, हे त्यांनाही ठाऊक असणार. पण त्यांच्याजवळ दुसरं होतं तरी काय करायला? उजवा हात मेलेला, पाय मेलेला, तोंडातून शब्द नाही. मला भार होऊ नये म्हणून तेवढंच करता येत होतं, ते त्यांनी तीन वर्षं रोज केलं. आणि मी रोज त्यावरून बोलले. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. रागावले असते तर परवडलं असतं.

शिकवणारी मुलगी लांबून म्हणाली, "काकू, बरं नाही का? बसा थोडं." मी नको म्हणून हात हलवला.

त्या बाईला पुन्हा झोपवलं. हात पुन्हा खांद्यांखाली घातला. तिला मराठी फारसं येत नाही हे मला माहीत होतं, पण तोंडातून मराठीच निघालं. "अहो, गाल नका फुगवू. श्वास चालू राहू दे. तुम्ही मला जड होत नाही."

"ठीक है," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर सगळा भार टाकून उठून बसली.