ढाणकीचे मामा, यवतमाळची खोली

"आधी तळ ठरवा, मंग पोरगी पाहा."

हे वाक्य मामा गाडीत बसण्याआधी म्हणत, बसल्यावर म्हणत आणि पोरीवाल्यांचा नकार घेऊन परतताना तर हमखास म्हणत. म्हणताना उजव्या हाताचं बोट खाली रोवत, जणू खुंटीच ठोकून राहिले आहेत. लमाण तांड्यातली जुनी माणसं बैलांवर माल लादून फिरायची तेव्हा आधी तळाची जागा पाहायची, हा त्यांचा दाखला. आपण कापसाचा नाही, पोराचा माल घेऊन फिरतो, एवढाच फरक.

सगळ्या गावाचा मामा असलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. हे मात्र खरोखरचे मामा होते आणि एकाच पोराचे. बहीण गेली तेव्हा तिचा गजानन रांगत होता. मामांनी त्याला ढाणकीला आणलं, वाढवलं, आणि त्या धांदलीत स्वतःचं लग्न राहून गेलं. विचारलं तर म्हणत, "ध्यानातच नाही राह्यलं, बापा."

गजानन चांगला निघाला. कापूस, सोयाबीन, तूर, सगळं एकटा पाहायचा, आणि चहाशिवाय दुसरं व्यसन नाही. दोष एकच, तो शेती करायचा. आपल्याकडे हल्ली पोरीचा बाप आधी विचारतो, शेती आहे न? आणि मग विचारतो, पोरगा शेती तर करत नाही न? गजाननचं लग्न झालेलं पाहायचं, याशिवाय मामांना जगात दुसरं काही नको होतं. मी भाड्यानं गाडी चालवतो, म्हणून या मोहिमेत पहिल्यापासून होतो.

अडचण अशी की ढाणकी जिल्ह्याच्या पार टोकाला, उमरखेडच्याही पुढं. पोरी मात्र नेर, राळेगाव, घाटंजीकडं. सकाळी निघून पोचेपर्यंत पोरीकडचे जेवून आडवे झालेले असत. तेव्हा मध्ये कुठंतरी मुक्काम टाकावा आणि तिथून आजूबाजूच्या पोरी पाहून घ्याव्या, असं ठरलं. मी म्हटलं दिग्रस. गाव लहान, गाडी लावायला जागा, कोणत्याही वाटेला लागायला सोपं. मामांचं मत यवतमाळ.

घाटंजीची एक पोरगी पाहून माझ्या आग्रहानं एकदा दिग्रसला राहिलो. सकाळी चहावाला, ज्याला आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं, कप ठेवता ठेवता म्हणाला, "नाही म्हणलं काय जी घाटंजीवाल्यांनी? जाऊ द्या. दुसरी भेटन."

घाटंजीवाल्यांनी अजून आम्हाला काहीच कळवलं नव्हतं. मामांनी कप तसाच खाली ठेवला.

"चाल बे, सामान भर. इथं आपल्या आधी नकार येऊन राह्यला."

यवतमाळच्या लॉजवर कुणी काही विचारलं नाही. मामा खूश झाले. "पाहा, कसं शहर हाये. कोणाले काही पडलेलंच नाही."

तिथं त्यांना आणखी एक शोध लागला. नेरच्या एका घरी विचारलं, कुठून आले? मामा म्हणाले, यवतमाळहून. त्या दिवसापुरतं ते खरंच होतं. त्याबरोबर मंडळी सावरून बसली आणि पोह्यांवर शेव पडली. परतताना मामा माझ्याकडं वळून बसले. मग म्हणाले, "शेव पाहिली न?"

"पाहिली."

"ढाणकी म्हणलं तं कधी भेटली का?"

"नाही."

"झालं तं मंग."

महिनाभरात मामांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याला, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत, भाड्यानं खोली घेतली. आता गजाननला पत्ता झाला. मामांनी त्याला समोर बसवून समजावलं, "खोटं बोलाचं नाही. रूम आपली हाये, हे खरं. पुढं त्याइले जे समजाचं ते समजतीन." एका पोरीच्या बापानं विचारलं, कंपनीत आहे का? गजानन म्हणाला, "कंपनी समोरच हाये जी." मामांनी गाडीत त्याची पाठ थोपटली. "शाबास. तुले अकल येऊन राह्यली."

शेवटी दारव्ह्याकडची वैशाली पसंत पडली आणि तिच्याकडचे घर पाहायला येतो म्हणाले. घर पाहणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. भिंतीची ओल दिसते, पंख्याची धूळ दिसते, आणि त्यातून माणसं कशी आहेत तेही काढलं जातं. मामांनी खोली स्वतः धुतली. पडदे लावले. शेजाऱ्याचा फ्रिज एका दिवसापुरता मागून आणला. किराणा भरला. गजाननला पेपर देऊन खिडकीशी बसवलं.

वैशाली स्वतः आली होती, सोबत आईवडील आणि एक मावशी. मावशीनं पडदे पाहिले, फ्रिज पाहिला. पाणी घेते म्हणून ओट्याकडं गेली आणि हातात पाकीट घेऊन बाहेर आली.

"हे काय हो?"

"तुरीची डाळ," मामा म्हणाले.

"तुमच्या शेतात तूर होते म्हणता न?"

"होते न. लय होते."

"अन् घरात पाकिटातली डाळ?"

संपलं. ज्याच्या शेतात तूर आहे तो आमच्याकडे मीठ विकत आणेल, साखर आणेल, पण डाळ नाही. वर्षाची डाळ घरची, कोठीत भरलेली, आणि शहरातल्या पोराकडंही त्यातलीच जाते; म्हणजे एक तर शेत खोटं, नाही तर ही खोली. मामांनी उभ्या जन्मात डाळ विकत आणली नव्हती. त्या दिवशी साखर घेता घेता घाईत दुकानदाराला सांगून बसले. शहरात राहायचं सोंग इतकं चांगलं वठलं की त्यांनी शहरातल्यासारखा किराणाच भरला.

मामा उभे राहिले. बोट खाली रोवायला हात उचलला, आणि तसाच राहू दिला.

"पोरगं ढाणकीले राहते. शेती करते. हे रूम म्या घेतली, त्यानं नाही. पोरगी द्याची नसन तं नका देऊ, बाई. पण त्याले लबाड म्हणू नका." मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला बाहेर निघून जावंसं वाटलं.

मावशीनं पाकीट ओट्यावर ठेवलं. मग वैशाली म्हणाली, "ढाणकीले पार्लर किती हायेत?"

"कायचं?"

"ब्युटी पार्लर."

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "एक होतं. तिचं लगन झालं, ते गेली पुण्याले."

"इथं तं गल्लीगल्लीले हाये. मी इथं पार्लर टाकून काय माशा मारू? घर रोडवर हाये का तुमचं?"

"एकदम रोडवर!" मामा म्हणाले. "समोरची खोली तं माहीच हाये."

पेरणीच्या आधी लग्न लागलं. मामा वरातीत नाचले. फार वाईट नाचले, पण नाचले. आणि दिवाळीच्या आत समोरच्या खोलीला काचेचं दार लागलं, मोठे आरसे लागले, वर पाटी चढली. आजूबाजूच्या गावांतल्या बाया येऊ लागल्या.

मामांना कुणी जा म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावात लोक काहीबाही बोलले. वैशालीनं त्यांची खाट मधल्या खोलीत चांगली जागा करून टाकली होती. पण सकाळी मामा बनियनवर, तोंडात दातूण घेऊन बाहेर निघाले की खुर्चीतल्या बाया गप्प होत. चारदोनदा असं झालं, आणि मामांनी पिशवी भरली.

"यवतमाळची रूम खाली पडून राह्यली. कोणी तरी राहाले पायजे न."

त्या खोलीत ते राहिले ते राहिलेच. आमच्या भागातल्या लग्नाच्या पोरांना तिथं उतरायची सोय झाली आणि मामांना ऐकायला माणसं मिळाली. एकदा मी विचारलं, "मामा, करमते का?"

"न करमाले काय झालं? बाजूवाल्याले अजून माहं नाव माहीत नाही. शहर हाये."

गजाननला पोरगी झाली तेव्हा बारशाला मीच त्यांना ढाणकीला आणलं. समोरच्या खोलीत बाया होत्या, म्हणून मामा मागच्या दारानं गेले आणि उंबऱ्याशी थांबले. कुणीतरी "या न, या" म्हटल्यावर आत शिरले. वैशालीनं खुर्ची दिली, पाणी दिलं, पोर मांडीवर ठेवलं. पोरीनं त्यांचं बोट धरलं ते सोडेचना. मामा हालले नाहीत, पाणीसुद्धा प्याले नाहीत.

संध्याकाळी वैशाली म्हणाली, "मामा, आता नका जाऊ. राहा इथंच." मनापासून म्हणाली. गजाननही म्हणाला.

मामांनी मधल्या खोलीत नजर टाकली. खाटेच्या जागी पाळणा होता.

"नाही, बाई. उद्या बिटरगावचा पोट्टा येऊन राह्यला पोरगी पाहाले. तो आपल्याकडंच उतरन."

बिटरगावच्या त्या पोराचं लग्न मागच्याच महिन्यात झालं होतं. नवरदेव माझ्याच गाडीत होता. मला फार वाईट वाटलं. गाडी दाराशी लावली.

मामा नेहमी पुढं बसत. त्या दिवशी मागं बसले.

"पुढं या न, मामा."

"नको. झोप येऊन राह्यली मले," ते म्हणाले, आणि यवतमाळ येईपर्यंत आरशात मला त्यांचे डोळे उघडेच दिसत राहिले.