आबांनी माझ्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं

माझं तोतरेपण माझ्या वडिलांनी अख्ख्या गावासमोर देवाला सांगितलं.

आबा आज सकाळी गेले. एक्याण्णव वर्षांचे होते.

१९६१. मी सात वर्षांची. मालवणजवळचं आमचं गाव.

देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. गावाचं दुखणं आबा देवाला मोठ्याने सांगत. जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत.

आते माझ्याकडे बोट करून आबांना म्हणाली, "चेडवाची जीभ सोड म्हणान देवाक सांग. उद्या लगीन कसा जमतला?"

"सांगतंय," आबा म्हणाले.

मी खांबाआड उभी. लाजेने मेलेली.

"बा देवा म्हाराजा! माझ्या चेडवाक बोलाक वेळ लागता!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचा बोलणा पुरा होयसर आयकाचो धीर आमका दी!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी मधी तोंड घालणाऱ्यांका आवर. पयल्यान माका!"

या वेळी आते 'व्हय म्हाराजा' म्हणायला विसरली. बाकी गाव म्हणालं.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझं 'खोबरेल' अडकलं. मागचा माणूस कुरकुरला.

दुकानदार त्याला म्हणाला, "काल तूच व्हय म्हाराजा म्हटलंस मां? मगे थांब."

तो थांबला. मी शब्द पुरा केला.

पुढे बी.एड.ला बालविकासाचा पेपर होता. त्याच्या पुस्तकात लिहिलं होतं: तोतऱ्या मुलाचं वाक्य आपण पुरं करू नये. थांबावं, ऐकावं.

सुट्टीत ते पान मी आबांना वाचून दाखवलं. अडखळत. ते शेवटपर्यंत थांबले.

"ह्या कोणी लिवला?"

"संशोधकांनी. पुष्कळ मुलांचा अभ्यास करून."

"बरा केल्यानी. आमच्याकडे एकच चेडू होता."

आबांचं आणि पुस्तकांचं सगळंच जुळलं नाही. धाकट्या भावाला त्यांनी फोकाने मारलं, आणि पोथीत तसंच सांगितलंय म्हणाले. त्यावर मी पुस्तकं काढून भांडले. त्यांना ते कधीच पटलं नाही. मलाही त्यांचं पटलं नाही.

पण पोथीत नसलेलं एक वाक्य, कुठलंही पुस्तक न वाचता, त्या माणसाने देवासमोर उभं राहून स्वतः रचलं. त्याचा मला फार अभिमान आहे.

तोतरेपण गेलं नाही. तरी बत्तीस वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवलं.

एकदा ते माझ्या लेक्चरला येऊन शेवटच्या बाकावर बसले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले,

"मोठ्यान बोल गो. मागे आयकाक येणा नाय."

आबा, तुमच्या चेडवाचो शेवटचो नमस्कार.