नऊ खुंट्यांची पेटी

बाजाची पेटी कशी घेऊ नये हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं एखाद्या आडतदाराला बरोबर घेऊन सोलापूर गाठावं. मी गेले होते. परत येताना एस.टी.च्या टपावर आमची पेटी होती आणि खाली आम्ही चार शहाणे.

लग्न होऊन कळंबला आले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. निजामाचं जाऊन मुंबईचं राज्य आलेलं, कचेरीतले उर्दू कागद मराठी झालेले, आणि आमचे हे त्याच कचेरीत कारकून. बायकांचं भजनी मंडळ दर मंगळवारी आडतदारांच्या ओसरीवर बसायचं. ओसरी त्यांची, म्हणून त्यांची बायको आमची अध्यक्षीण. बाईंचा सुराशी दुरूनही संबंध नव्हता. पण मधोमध बसायच्या, टाळ उलटा धरायच्या, आणि चुकलं की शेजारणीकडं रागानं बघायच्या.

गाणारी खरी एकटीच. तिला सगळ्या आक्का म्हणायच्या. पन्नाशीची शेतकरीण, रानातनं थेट यायची आणि अध्यक्षीणबाई सतरंजीवर जागा देत नाहीत म्हणून उंबऱ्यालगत टेकायची. तिनं तोंड उघडलं की बाकीच्या पंधराजणी आपसूक हळू व्हायच्या. शे-दीडशे अभंग पाठ, अक्षर एक येत नाही. तिचं माहेर तेरचं. दहाव्या वर्षी लग्न होऊन गेली, त्यामुळं माहेरच्या कुणी तिचं गाणं ऐकलेलंच नव्हतं. थोरला भाऊ होता एक. "एकडाव तेरच्या देवळात म्हनते, दादानं ऐकावं, बास. मग काय बी मागनं न्हाय," असं ती दर दोन मंगळवारांनी म्हणायची.

आणि त्या वर्षी खरंच तेरहून निरोप आला. चैत्रातल्या यात्रेत बायकांच्या मंडळाला तासभर मिळेल. आक्काच्या तोंडावरचा आनंद मला आजही दिसतो. अध्यक्षीणबाईंना मात्र भलतीच काळजी. "नुसते टाळ वाजवत जायचं? बार्शीच्या मंडळाकडं पेटी आहे म्हणे. आपली काय शोभा राहील?"

झालं. पेटी घ्यायची ठरली. वाजवणार कोण? मी! कारण मी तुळजापूरची लेक, पुजाऱ्याच्या घरातली, आणि आल्या दिवसापासनं "आमच्याकडं पेटी होती, मला येते" हे मी सगळ्या गल्लीला ऐकवलेलं होतं.

येत होती, खोटं नाही. पण कशी येत होती ते ऐका. मुलींना कोण शिकवतंय? वडील म्हणायचे, भाऊ वाजवायचा, आणि मी दळण निवडायच्या निमित्तानं समोर बसून त्याची बोटं बघायची. ते देवळात गेले की त्याच जागी बोटं ठेवून वाजवायची. वडिलांची पट्टी काळी एक. म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून ते गायचे. तेव्हा मला काळी एकच येत होती. दुसरीकडं सा धरला की माझी बोटं आंधळी. हे मी कळंबात कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं कुणी होतं?

तर सोलापूरचं दुकान. दुकानदारानं तीन पेट्या मांडल्या. पहिली साधी, एकेरी सुरांची. तिच्याकडं अध्यक्षीणबाईंनी मोलकरणीकडं बघावं तसं बघितलं. दुसरी म्हणजे नुसता थाट. समोर नऊ खुंट्या, पांढऱ्या, बटणासारख्या; झाकणाला आतनं आरसा; दुहेरी सूर; आणि एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातली आपोआप दबते ती करामत. तिसरी दिसायला काळपट, आरसा नाही, खुंट्या चारच. पण तिच्या सगळ्या पट्ट्या एका चौकटीवर बसवलेल्या होत्या. कडेची दांडी सोडवून चौकट सरकवली की बोटं तीच राहतात आणि सूर बदलतो. काळी एकवर वाजवा, काळी चार ऐका.

मी ती बघितली. देवानं माझ्यासाठीच बनवली होती ती पेटी. कारण आक्का काळी चारला गाते हे मला नीट कळत होतं. माझे कान चांगले होते, बोटंच अडाणी होती.

इकडं आडतदार कामाला लागले. त्यांनी आरशाच्या पेटीत हात घालून, तुरीच्या पोत्यातनं दाणे काढतात तसं आतून चाचपलं, मग हात नाकाशी नेला. "ओल लागली न्हाय ना?" मग पेटी दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं. "ही भारी हाय. मालात दम हाय." पेटीचा दम वजनावर! आमचे हे शेजारी मान हलवत उभे. साहेबापुढं हलवून हलवून सवय झालेली, ती मान सोलापुरातही थांबेना.

अध्यक्षीणबाईंनी एकेक खुंटी ओढून बघितली. नवातल्या पाच ओढल्या काय आणि न ओढल्या काय, आवाज तोच. मी दुकानदाराला विचारलं, तर तो गालात हसला. "त्या शोभेच्या आहेत, ताई." बाई म्हणाल्या, "असू देत. लांबून कुणाला काय कळतंय?" आणि आरशात बघून कुंकू नीट केलं.

मग सौदा. आडतदारांनी खांद्यावरचा रुमाल काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि खालनं त्याची बोटं दाबायला लागले. कळंबच्या बाजारात भाव असाच ठरतो, रुमालाखाली, मुक्यानं; शेजारच्या व्यापाऱ्याला कळू नये म्हणून. तो दुकानदार बिचारा दचकलाच. हात ओढून घेतला आणि माझ्याकडं असा बघतो, जसं काही मीच ह्या गृहस्थांना पाळलंय. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आडतदारांना काहीच नाही. "ह्याला धंद्याची रीत म्हाईत न्हाय," एवढंच म्हणाले.

शेवटी दुकानदारानं मलाच विचारलं, "वाजवणार तुम्ही ना? मग पट्टी सरकवायची हवी का? किंमत तीच पडेल. ज्यांना एकाच पट्टीत वाजवता येतं त्यांच्यासाठी बनवतात ही. शिकाऊ लोक नेतात जास्त करून."

शिकाऊ! आणि ते चौघांच्या देखत. अध्यक्षीणबाईंनी मान वळवली. "काय गं, तुला एकच पट्टी येते की काय?"

एरवी मी त्या बाईला हसायची. आरशापुढं कुंकू सारखं करणारी, मुक्या खुंट्या ओढणारी. आणि मी काय केलं? नाक वर करून म्हणाले, "छे! मला काय, कुठलीही पट्टी द्या. काळी चार, पांढरी पाच, सगळ्या सारख्याच."

"मग नकोच ती," दुकानदार म्हणाला आणि आरशाची बांधायला घेतली.

तेरला जायला तीन आठवडे होते. पेटी आमच्याच घरी ठेवलेली; रोज दुपारी हे कचेरीत असताना मी काळी चारवर बोटं बसवून बघत होते. बोटं कुठं ऐकतायत! चार सुरांपुढं गेले की भलतीच पट्टी दबायची, आणि त्या करामतीमुळं एका चुकीच्या दोन चुका ऐकू यायच्या. तीन दिवसांत मी नाद सोडला. मंगळवारी सगळ्यांपुढं काळी एक धरली.

आक्कानं सूर लावला आणि थांबली. पुन्हा लावला. वरनं म्हणायला गेली की अंतऱ्याला किंचाळी निघायची, खालनं म्हणायला गेली की घशातल्या घशात पुटपुट. तिला काही कळेना. "बाई, ही लई आडवी जाती. जरा माझ्याकडं घेता का?"

आणि मी, अक्षरशत्रू बाईला, तोंड वर करून सांगितलं, "आक्का, पेटीवर गायचं तर ह्याच पट्टीत गावं लागतं. शास्त्र आहे ते. तुम्ही आजवर मनानं म्हणत होता."

बायका चकित. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "बघा, शिकलेल्या माणसाचं वेगळंच असतं." आक्कानं दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला, चूक झाली म्हणून. माझी जीभ तेव्हा झडली कशी नाही, देव जाणे. पंधरा दिवस ती बाई मोटेवर, खळ्यावर, जिथं असेल तिथं तो परका सूर घोकत राहिली. शेवटी गळा बसला तिचा.

तेरला देवळापुढच्या मंडपात आम्ही बसलो. पहिल्या रांगेत आक्काचा दादा, पांढरा फेटा, शेजारी सुना-नातवंडं. बसायच्या आधी आक्का माझ्याजवळ वाकली. "बाई, पैला एक अभंग नुसत्या टाळावर म्हनू का? फकस्त एकच."

"मग पेटी काय मिरवायला आणलीय?" मी म्हणाले.

तिनं पेटीवरच म्हटलं. दुसऱ्याच कडव्याला आवाज फाटला. मी भाता जोरात मारून झाकायला बघितलं, दुहेरी सूर गरजले, आणि तिचं उरलंसुरलं त्यात बुडालं. तिसऱ्या अभंगाला ती नुसतेच ओठ हलवत होती. अध्यक्षीणबाई मात्र रंगात. आरशाची बाजू त्यांनी मुद्दाम लोकांकडं करून ठेवलेली.

संपल्यावर दादा पुढं आले. त्यांनी पेटीला हात लावून नमस्कार केला आणि मला म्हणाले, "लोक लई दिसांपासनं सांगायची, तुमची बहीन गाती म्हनून. आज ऐकलं." फेटा सारखा केला. "असूं द्या. पेटी मातर झकास हाय."

आक्का मागंच उभी होती. हसून म्हणाली, "वय झालं दादा आता. दोन-चार सालं आधी ऐकाया पाह्यजे हुतं तुमी."

पंधरा दिवस आधी ऐकलं असतं तरी पुरे होतं. हे त्या मंडपात एकट्या मला ठाऊक होतं. मी पेटीचं झाकण लावलं, कडी अडकवली आणि अध्यक्षीणबाईंना म्हणाले, "चला बाई, गाडी चुकेल."