रूपरावजींनी तळ पाहिला

रूपराव मडावी आमच्या इमारतीचे वॉचमन होते. वर्ध्याला लागून पिपरी मेघेत, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत आमची इमारत आहे. गेटशेजारच्या खोलीत ते आणि शकुबाई काकू राहत. मी त्यांना काकाजी म्हणते. ते माझे मित्र आहेत असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. पुलगावच्या शाळेत शिकवून संध्याकाळी परतले की मी आधी त्यांच्या बाकावर बसायचे, मग वर घरी जायचे.

हे काम त्यांना माझ्या आईने मिळवून दिलं होतं. त्याचं कारण आधी सांगायला हवं.

काकाजी मूळचे हिंगणीकडचे. बोर धरणाच्या अंगाला गोंडांचा एक लहानसा टोला, म्हणजे वस्ती आहे, तिथले. घरात गोंडी, बाहेर वऱ्हाडी. वर्षातले काही महिने जंगलखात्याची कामं, एरवी धरणात जाळं. भैयाजी नावाचा त्यांचा जोडीदार होता. दोघांत मिळून एक डोंगा. भैयाजी वल्हवायचा आणि बोलायचा. काकाजी जाळं टाकायचे आणि ऐकायचे.

याशिवाय त्यांचं आणखी एक काम होतं. त्याला कोणी काम म्हणत नसे. धरणात कोणी बुडालं की पोलिसांचा माणूस टोल्यावर यायचा आणि काकाजी हातातलं टाकून उठायचे. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. दुसरं कोणी उतरायला तयार नव्हतं म्हणून ते उतरले, आणि मग तेच उतरत राहिले.

ते पाण्याखाली डोळे मिटून शोधत. धरणाचं पाणी गढूळ. थोडं खाली गेलं की काळोखच. "डोये उघडे ठेवले तं भेव दिसते," ते म्हणत. "हातालेच पाहू द्याचं." डावा हात अर्धवर्तुळात फिरवायचा, मग उजवा, मग थोडं पुढे सरकायचं. बाया जमीन सारवतात तसं ते धरणाचा तळ सारवत जात. सापडलेल्या माणसाला काठावर आणलं की कोणाची नजर पडायच्या आत स्वतःचा दुपट्टा त्याच्यावर टाकत. त्या बदल्यात घरच्यांकडून एक नवा दुपट्टा घेत. दुसरं काही घेत नसत.

माझा भाऊ पियुष मित्रांबरोबर धरणावर गेला आणि बुडाला. त्याला काकाजींनी बाहेर आणलं. मी तेव्हा बारावीत होते. काठावरचे लोक आईला सांगत होते की उद्या-परवा आपोआप वर येईल, घरी चला. काकाजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि परत पाण्यात गेले. दिवस मावळेपर्यंत बुड्या मारत राहिले. आईला पियुषचा चेहरा पाहता आला. ओळखता आला. त्यानंतर दर दिवाळीला ती हिंगणीला जायची. दुपट्टा द्यायची आणि शकुबाई काकूंच्या हातचा चहा पिऊन परत यायची.

मग एका वर्षी वावधन आलं, मोठं वादळ. भैयाजी एकटाच डोंग्यात होता. डोंगा उलटला.

काकाजी शोधायला उतरले. डोळे मिटलेले होते. गाळात एक हात त्यांच्या हाती आला. भैयाजीचं एक बोट लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं. हात हाती येताच काकाजींना कळलं, हा भैयाजी.

त्यानंतर ते गुडघ्यापलीकडे पाण्यात गेले नाहीत. डोक्यावरून पाणी घेताना काकूंना समोर उभं करत. चेहऱ्यावर पाणी आलं की भैयाजीचा तो हात परत त्यांच्या हातात येई. जाळं खुंटीला राहिलं. घराच्या अंगणातून धरण दिसतं. काकाजी दिवसभर तिकडे पाठ करून बसायचे आणि जेवायचे नाहीत. शेवटी काकू आईकडे आल्या. जिथून पाणी दिसत नाही असं काम मागायला आल्या. आईने ते मिळवून दिलं.

आईला वाटलं, तिने त्यांना वाचवलं. मलाही तसंच वाटायचं. काकाजींना मात्र घरी जायचं होतं. ते कधी बोलले नाहीत. काकू बोलायच्या. टोल्यावरचं घर बंद आहे, अंगणातली सीताफळं कोण खातं देव जाणे, आणि हा माणूस गेटवर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना सलाम ठोकतो. एकदा मला म्हणाल्या, "मले घरी जाचं आहे सुरभी. पण पान्याच्या काठी पान्याले भेनारा मानूस घेऊन मी कशी राहू?"

मालवणचा विषय माझ्यामुळे निघाला, पण जायचं ठरवलं त्यांनी. मैत्रिणीने मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. ती आणि तिचा नवरा तोंडावर मास्क लावून समुद्रात तरंगताहेत, खाली पोवळ्यांचे खडक, मासे. मी तो बाकावर बसून पाहत होते. काकाजी वाकून पाहायला लागले. त्यांनी विचारलं, हे काचेच्या टाकीत आहे का. मी म्हटलं, समुद्र आहे. मालवणचा. तिथले लोक सकाळी होडीतून नेतात, दाखवतात, दुपारी आणून सोडतात.

"खालचं दिसते?"

"दिसतं."

आठवडाभराने मी बाकावर बसले तेव्हा म्हणाले, "थे मालवन कोनत्या गाडीनं जा लागते?"

नागपूरहून मडगावला जाणारी गाडी वर्ध्याला थांबते. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो. काकूंनी तीन दिवसांची पोळी-चटणी बांधून घेतली. कोकणात पोळी मिळत नाही असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. काकाजी खिडकीशी बसले. घाटात खाली नदी दिसली की नजर आत घ्यायचे.

होडीवर आम्ही धरून आठ-नऊ जण होतो. वाटाड्या चाळिशीचा होता. लवू त्याचं नाव. बापजाद्यांपासून मासेमारीचाच धंदा, हंगामात तो हे करायचा. त्याने सगळ्यांना लाइफ जॅकेटं दिली आणि बक्कल कसं लावायचं ते दाखवलं. काकाजींनी जॅकेट दाबून पाहिलं.

"हे घातलं का मानूस बुडत नाई?"

"नाय बुडत, काकानू."

"मंग आमच्या इकडे काऊन नाई देत कोनी," ते म्हणाले आणि बक्कल लावलं.

काकू पाण्यात उतरणार नव्हत्या. त्यांनी काकाजींचा सदरा आणि धोतर मांडीवर घेतलं आणि होडीच्या कडेला ठाण मांडून बसल्या. लवूने मास्क चढवले. नळीतून श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. होडी खडकांपाशी थांबली. काकाजी शिडीवर बसले. पाय पाण्यात सोडले. बराच वेळ तसेच होते. पुण्याचे एक गृहस्थ मागे ताटकळले होते. ते म्हणाले, "अहो काका, पुरुषभरसुद्धा पाणी नाही इथे. घाबरताय काय?"

"तुमी तुमचा चष्मा पुसा जी," काकू म्हणाल्या.

काकाजी उतरले. मी त्यांच्या मागे उतरले. लवूने त्यांना आडवं केलं आणि त्यांनी तोंड पाण्यात घातलं. मीही घातलं.

मी समुद्राच्या आत पहिल्यांदाच पाहत होते. मला मासे दिसायला हवे होते. मला आधी काकाजी दिसले. काचेआड त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. हात खाली सोडलेले. डावा हात अर्धवर्तुळात फिरला. मग उजवा. ते थोडे पुढे सरकले. परत डावा. त्यांच्याभोवती निळे-पिवळे मासे फिरत होते आणि ते डोळे मिटून समुद्राचा तळ सारवत होते.

पियुषला असं शोधलं होतं. दिवस मावळेपर्यंत, असं. हे मी ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं.

त्यांची बोटं एका पोवळ्याला लागली. लवूने ते पाहिलं आणि झटकन त्यांचा हात धरून मागे घेतला.

काकाजी अंगात वीज गेल्यासारखे उसळले. मास्क ओढून काढला. पाणी प्याले. लवूने आणि मी त्यांना शिडीपाशी आणलं. त्यांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. वापस चला, एवढंच ते म्हणत होते.

लवू बिचारा ओशाळला. त्याला काही माहीत नव्हतं. तो समजावत राहिला, "काकानू, रागावू नकात. तेका हात लावायचो नसता. जित्ता आसा ता."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनते हा?"

"जिवंत आहे म्हणतो. तुम्ही हात लावला तो दगड नाही. जीव आहे."

त्यांनी शिडीवरचा एक हात सोडला आणि तळहात उलटा करून पाहिला.

काकू कठड्यावरून वाकल्या होत्या. वरून त्यांना काहीच दिसलं नसणार. तरी म्हणाल्या, "अवो, डोये मिटले होते ना तुमी?"

त्यांनी तळहात मिटला.

"मले मालूम होतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. "आज कोनी बुडलं नाई. तुमाले कोनाले आनाचं नाई. नुसतं पाहून या."

होडी हलत होती. कोणी घाई केली नाही. काही वेळाने काकाजींनी मास्क मागितला. लवूने त्यांचा हात धरायला हात पुढे केला तर ते म्हणाले, "तू मले धरजो नोको. मी तुले धरतो." आणि त्यांनी लवूचं मनगट धरलं.

या वेळी मी आधी तोंड पाण्यात घातलं आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. ते आडवे झाले. डोळे मिटलेले. मग उघडले. परत मिटले. मग उघडले आणि उघडेच राहिले.

खाली खडक होते. त्यांच्यावर पोवळी, काही पानांसारखी, काही गोल. फटींतून मासे ये-जा करत होते. उन्हाच्या रेघा तळापर्यंत जाऊन हलत होत्या. काळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवा काकाजींच्या मोकळ्या हातापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. जन्मभर मासे धरलेला तो हात जागचा हलला नाही.

ते किती वेळ पाहत होते मला सांगता येणार नाही. बाकीचे लोक उतरले, पाहून वर गेले. लवूने कोणाला कुरकुर करू दिली नाही. शेवटी काकाजींनी तोंड वर काढलं. नळी तोंडातून काढली. काकूंना काही तरी गोंडीत सांगितलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग मला समजावं म्हणून ते वऱ्हाडीत म्हणाले, "तळ दिसते वो. पूर्रा दिसते."

परतताना ते माझ्याजवळ बसले. अंगावर टॉवेल होता. किनारा दिसायला लागला तेव्हा बोलले.

"तुया भावाच्या वक्ती पानी असं असतं तं थो मले सकायीच दिसला असता. तुया आईले दिवसभर काठावर बसा नसतं लागलं."

इतकी वर्षं त्यांच्या मनात हे होतं. आम्ही ज्यासाठी त्यांचे उपकार मानत होतो, त्यातला उशीर ते मोजत होते.

मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही होतात म्हणून तिला एकच दिवस बसावं लागलं."

त्यांनी मान हलवली. होय की नाही ते कळलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला होता आणि मिठाने खरखरीत झाला होता.

वर्ध्याला आल्यावर त्यांनी काम सोडलं. आईला ते पटलं नाही. ती गेटपाशी उभी राहून त्यांना समजावत होती की पोलिस परत बोलावतील, परत तेच सुरू होईल. काकाजी म्हणाले, बोलावलं तर जाईन, नाही म्हणणार नाही. मग तिला सांगू लागले, "ताई, हिवाळ्यात धरनाचं पानी निवयते. वरच्या अंगाले, नाल्याच्या तोंडाशी, हातभर तरी दिसत असन. मी कधी पाह्यलंच नाई. पान्यात गेलो का डोये मिटाचो. मासे धराले गेलो तरी मिटाचो."

आई वर गेली आणि त्यांच्या सामानात ठेवायला पापडांचा डबा घेऊन आली.

गेटवर आता दुसरे वॉचमन आहेत. चांगले आहेत. मी बाकावर बसत नाही, सरळ वर जाते.

परवा रविवारी काकूंचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट तक्रार. हा माणूस सकाळी पाण्यात गेला तो अजून बाहेर यायला तयार नाही. जाळं काठावर कोरडंच पडलं आहे. टोल्यावरची चार पोरं बोलावून आणली आहेत आणि त्यांना पाण्यात काय काय दाखवत बसला आहे. मालवणहून निघताना लवूने दिलेला जुना मास्क आहे, त्यासाठी पोरं भांडताहेत. भाकरी थंड झाली. हाका मारून घसा बसला.

"तूच सांग बाप्पा तुया काकाजीले," त्या म्हणाल्या. "मी फोन त्याईच्याकडे नेतो. थांब, चप्पल घालू दे."

मी थांबले. फोनमध्ये त्यांची पावलं वाजत होती. मग पाण्याचा आवाज यायला लागला.