मानेवरचा अंगठा

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. दिवा लागला नाही तर आम्ही वायर तपासतो, नारळ फोडत नाही. तरीही हे लिहितोय...

रायपूरला बूढापाऱ्यात आमचं घर. मला क्लस्टर डोकेदुखी आहे – दुपारचं जेवण झालं की उजव्या डोळ्यात तापलेली सळई फिरल्यासारखं होतं. मग माझी बायको शोभा खुर्चीमागे उभी राहायची आणि कवटीखाली, मानेवर एका ठरलेल्या जागी अंगठा दाबून धरायची. दुखणं थांबत नसे, पण सोसवायचं.

"जाऊनच राहिलं जी, थोडं सोसा," म्हणायची. मी खेकसायचो, ती हसायची.

मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि शोभा गेली.

तेराव्याला पाहुण्यांसाठी खुर्ची भिंतीला सरकवली होती. ते गेल्यावर तिथेच बसलो आणि कळ उठली... आणि त्याच जागी अंगठा टेकला. तिचाच. सुपारी कातरताना अडकित्त्यात सापडून कायमच्या तिरक्या झालेल्या नखाची कड टोचत होती. मागे भिंत होती हो! मी घाबरलो नाही, ढसाढसा रडलो. मग रोज तसंच. मी दुखण्याची वाट पाहायला लागलो.

मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त बापाचं कण्हणं ऐकू यायचं. तिने मला नवा रायपूरच्या एका दवाखान्यात नेलं. मानेतल्या नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की अटॅक टळतात, असं डॉक्टर म्हणाले. सुई घेऊन वाकले आणि थांबले.

"अंकल, ये निशान किसने लगाया? मुझे यहीं देना है।"

मुलीने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. नखाचा ताजा, तिरका वण. माझी नखं तर मी मुळापासून कापतो. "ये तो मम्मी का..." म्हणत तिने फोटो मोठा करून पुन्हा पाहिला.

इंजेक्शन लागू पडलं. दुखणं थांबलं, अंगठाही थांबला. इतकं एकटं मला तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

आता असर उतरतोय. काल दुपारी उजवा डोळा पाणावला, नाक चोंदलं – अटॅकची खूण. मुलगी फोन घेऊन आली.

"पापा, डॉक्टर से टाइम ले लूँ?"

"आज नको पोट्टी. एक डाव येऊ दे तिले."

तिने फोन खाली ठेवला. तो वण कसा उठला, हे मला आजही सांगता येत नाही. मी उठलो आणि खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली. शोभाला मागे उभं राहायला जागा नको का?